तब्येत बरी नाही

दिग्रसकडच्या तांड्यांत मेलेल्या माणसाला फोनवर कोणी मेला म्हणत नाही. 'तब्येत बरी नाही, लवकर ये,' एवढंच म्हणतात. ऐकणारा काय ते समजतो आणि वाटभर रडत येतो. सुखीबाई मात्र सरळ सांगते, 'वारला. मातीला ये.' बाया तिला काळ्या जिभेची म्हणतात. म्हणोत. तिला आता कुणाचं बोलणं लागत नाही.

हे लागेनासं झालं तिचा नवरा रामधन गेला तेव्हापासून. कापसाला भाव नव्हता, निम्मा तांडा कामाला परमुलखात गेलेला, आणि रामधन कावीळ होऊन खाटेला लागला. लेक जमनी यवतमाळला वसतिगृहात राहून कॉलेज करत होती. तांड्यातून कॉलेजात गेलेली ती पहिली पोरगी. रामधनचं काही खरं दिसेना, तेव्हा त्याच्या भावानं, फुलचंदनं, तिला फोन लावला. 'तुह्या बाची तब्येत बरी नाही, लवकर ये.' पोरगी निघालीच असेल, असं सगळे धरून चालले. रामधन गेला, थांबून थांबून माती झाली, पोरगी आली नाही.

ती आली शिमग्याच्या सुट्टीला. पिशवीत बासाठी संत्री घेऊन, हसत.

फोन आला नव्हता का, असं सगळ्यांनी विचारलं. आला होता म्हणाली. 'मले वाटलं, खोटं हाये.' यापुढं तिनं तोंड उघडलं नाही. बापाचा निरोप खोटा वाटणारी लेक तांड्यानं पाहिली नव्हती. सुखीबाईनं तिच्याशी बोलणं टाकलं. जमनीनं कॉलेज सोडलं. मायलेकी एकाच वावरात कापूस वेचायच्या, एक या काकरीला, एक त्या. भाकर टोपल्यात असायची, ज्याची त्यानं घ्यायची. सुखीबाईला राग येत होता असंही नाही. आत काही हलतच नव्हतं.

पुढच्या सालच्या वेचणीत एका सांजेला लाइन होती म्हणून बाया तांड्याच्या नायकाच्या घरी टीव्हीसमोर बसल्या. खुनाचा तपास लावणाऱ्या साहेबाची हिंदी मालिका चालू होती. त्यात एक प्रोफेसर पोरांना घरचं वाईट खोटंच सांगायचा आणि काचेमागून त्यांची तोंडं पाहायचा. शेजारची मानीबाई म्हणाली, "पगार घेऊन पोरं रडवते म्हणा की. आमच्या शाळेतला तर काही न करताच रडवे." बाया हसल्या. मग ती म्हणाली, असा मास्तर कुठं असते?

"असते," दारात बसलेली जमनी म्हणाली.

मग तिनं टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं. कापसाच्या गावांतल्या पोरांची भीती मोजायची म्हणून कॉलेजातल्या मानसशास्त्राच्या सरांनी त्यांच्या बोटांना वायरी लावल्या होत्या. मधेच शिपाई निरोप घेऊन आला. मेल्याचं खोटं कसं सांगावं, म्हणून सरांनी आपल्या मतानं साधासाच निरोप निवडला होता : तुझ्या वडिलांची तब्येत बरी नाही, लवकर ये. जमनी वायरी तोडून रडत बसस्टँडवर पळाली. तिथून तिला परत आणलं, चहा-बिस्किट दिलं, हा नुसता प्रयोग आहे म्हणून सांगितलं. बाकीच्यांचं होईपर्यंत कुणाला बोलू नको म्हणाले. नंतर फुलचंदकाकाचा फोन आला, तेच शब्द. तिला वाटलं, सरांनीच काकाला बोलायला लावलं, पुन्हा पाहतायत. ती मेसमध्ये जाऊन जेवली.

टीव्हीतल्या साहेबानं प्रोफेसरला पकडलं. मानीबाईनं डोळ्याला पदर लावला. सुखीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

घराच्या वाटेवर जमनी मागून चालत होती. सुखीबाई थांबली. तिला जवळ येऊ दिलं. मग मान न वळवता लेकीशी बोलली, रामधन गेल्यापासून पहिल्यांदा.

"तुहा बा शेवटी रस्त्याकडंच पाहून राह्यलता. घडीघडी विचारे, जमनी आली का? मी म्हणो, बस लेट हाये."

जमनीनं आईला विचारलं, "मंग, याडी?"

"मंग काय. खरं वाटलं त्याले."