अक्काची साक्ष मी दिली

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीत लेका-सुनेच्या घरी अंथरुणाला खिळून आहे. कॅन्सर मणक्यात उतरलाय. मी साताऱ्यात राहते. शनिवारी एसटीनं जाते, तिचं अंग पुसते, वेणी घालते आणि रविवारी चर्चच्या उपासनेला परत येते.

आमच्या मंडळीत उपदेशाआधी साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आठवडाभरात काय केलं ते उभं राहून सांगायचं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. स्वयंपाक झाला, गुडघे दुखले, एवढंच. अक्का आजारी पडली आणि माझी जीभ सैल सुटली. "एवढ्या यातना, पण हूं की चूं नाही. दुःख ही प्रभूची देणगी आहे म्हणते." बायका पदरानं डोळे पुसायच्या. पाळकसाहेबांनी एकदा तिच्यावरच उपदेश केला. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटायचं. आणि ते देणगीचं वाक्य अक्काचं नव्हतंच, माझं होतं.

गेल्या महिन्यात मंडळीतल्या चार बायका हट्टानं माझ्याबरोबर सांगलीला आल्या, घरी प्रार्थना घ्यायला. अक्का उशीला टेकून बसली होती. सगळ्यांना तिनं हसून सलाम केला. एकीनं तिला सांगितलं, "तुमच्या साक्षीनं आम्हाला फार बळ मिळतं हो." अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी प्रार्थनेला डोळे मिटले.

प्रार्थना संपतीय तोवर तिला कळ आली आणि ती ओरडली. नुसतं कण्हणं नव्हे, "आई गं, सोडवा मला," गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं. बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी तिचा हात धरायला हवा होता, गोळी शोधायला हवी होती. ते सोडून मी गीत काढलं. टाळ्या वाजवत, मोठ्यानं. बायकांनीही सूर धरला. अक्काचा आवाज खाली दबला, मग ती ओठ चावून गप्प झाली. आतून सून गोळी घेऊन आली. परतताना एसटीत एक जण म्हणाली, "काय धीर आहे तुमच्या बहिणीला." मी मान डोलावली.

पुढच्या शनिवारी तिची पाठ पुसताना मी म्हटलं, "अक्का, त्या दिवशी माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. गोडगोड बोलायची तिला सवय नाही. "तवापासनं मला लेकासमोर रडायची बी लाज वाटती."

मला रडू फुटलं, तर तिनं मलाच दटावलं. "तू कशाला रडतीस? ज्याचं जळतं त्याला कळतं."

मी पुन्हा पाठ पुसायला लागले, तशी तीच बोलायला लागली. "देणगीबिणगी काय न्हाई गं. पर लय दुखाय लागलं की वाटतं, वधस्तंभावर प्रभू बी वरडला. बापाला इचारलं त्यानं, का सोडलंस म्हणून. म्हंजी ह्याला माझं कळतंय. मी एकटी न्हाई. एवढंच हाय माझ्याजवळ." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "त्याची आई खाली हुबी हुती. तिनं न्हाई गाणं म्हणलं."

त्या दुपारी तिला पुन्हा कळ आली. सुनेनं गोळी दिली, पण ती लागू पडेपर्यंत अक्का ओरडत राहिली. या वेळी मी गीत काढलं नाही. हात तिच्या हाताशेजारी ठेवून बसले. तिनं तो धरला नाही.