शर्टावरचा काळा पट्टा

राजारामपुरीतल्या रिक्षा स्टॉपवर तो रिक्षावाला रोज दिसायचा. पोट एवढं सुटलेलं, की रिक्षाचं हँडल घासून खाकी शर्टावर काळा पट्टा उमटलेला असायचा. तरुणपणी तो पैलवान होता. तालीम सुटली, पण दूध-तुपाचा खुराक चालूच राहिला. पुरुषाचं पोट म्हणजे वैभव, या खुळचट समजुतीचा मला संताप येतो.

एकदा मला घेऊन जाताना तो सिग्नलला चक्क घोरू लागला. मी त्याला हट्टानं जवळच्या दवाखान्यात नेलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "वजनानं रातीला श्वास अडकतोय म्हणं, म्हणून दिवसा डुलकी. वजन उतरवा, न्हायतर रिक्षा सोडा म्हणतोय डॉक्टर. रिक्षा सोडून खाऊ काय?"

काही महिन्यांनी परवा भेटला. शर्टावर पट्टा नव्हता.

"तूप बंद, रोज रंकाळा तलावाला पायी फेरा," तो हसत म्हणाला. "कुठं सोडू, पावणं?"

"पुढच्या चौकात."

"एवढ्याला रिक्षा? चला, चालतच सोडतो!"

रिक्षा तिथंच ठेवून तो झपाझप निघाला. चौक येईपर्यंत मला धाप लागली. मागं वळून तो भर रस्त्यात ओरडला, "पावणं, दवाखान्यात नेऊ काय?"