गाडी सुटायच्या वेळचे फोटो

आप्पा यंदाही जत्रेला येणार नाहीत, हे मला आईने फोनवर सांगितलं, आणि त्याच दमात थालीपीठाची भाजणी पाठवू का, असं विचारलं. मी हो म्हणाले. भाजणीला की कशाला, ते माझं मलाच कळलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते मदुरैला एका गलाईच्या दुकानात कामाला आहेत. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करायचं, हे ते काम. विट्याकडच्या आमच्या गावातले कितीतरी पुरुष असेच दूरच्या शहरांत असतात. दिवाळीत दुकानात कामाची गर्दी, त्यामुळे आप्पा फक्त जत्रेला घरी येत. गेल्या वर्षी तेही चुकलं. दोन जत्रा चुकल्या की माणसाला तिसरी चुकवणं सोपं जात असेल, असं माझ्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठलाही कागद आला की 'तू शिकलीयास, तू बघ' असं मला म्हणतात. पण वडिलांना 'या' म्हणायचं कसं, ते मला येत नव्हतं. आमच्याकडे कुणी तसं म्हणतच नाही.

सांगलीत, विश्रामबागेत, माझ्याबरोबर खोलीत राहणारी मुलगी जवळच्याच गावातली. तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणते, दर रविवारी डबा घेऊन येतात. तिने दोन गोष्टी सुचवल्या. एक म्हणजे, "माझे दादा आहेत की रिकामे, ने त्यांनाच जत्रेला." आणि दुसरी, जरा थांबून, की जुने फोटो पाठव, बघून माणूस विरघळतो.

दुसरी मला पटली. मी लॅपटॉपवर फोटो लावून ठेवायचं एक सॉफ्टवेअर घेतलं. आईचा जुना फोन, चुलतभावाचं मेमरी कार्ड, माझा फोन, सगळ्यांतले फोटो त्यात ओतले. आधी तारखेने शोधायला गेले, पण जत्रा तिथीने येते, दर वर्षी इंग्रजी तारीख वेगळी. मग लक्षात आलं की हे सॉफ्टवेअर चेहरे ओळखतं. आप्पांच्या एका फोटोवर त्यांचं नाव टाकलं आणि वाट बघत बसले. मध्ये दोनदा उठून पाणी प्यायले. तहान नव्हती.

थोड्या वेळाने एकेका वर्षाखाली आप्पा येऊन बसले. मी आधी चिडलेच. वाटलं, सॉफ्टवेअरने एकच फोटो सगळ्या वर्षांत टाकलाय. मागे तोच आमच्या गावचा फाटा, तेच वडाचं झाड, आप्पांच्या पायाशी बॅग, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आई. मग फोटो मोठा करून बघितला. एकात मी आप्पांच्या कमरेएवढी होते, नंतरच्या एकात खांद्याला लागले होते. बॅगही एका वर्षी बदललेली. फोटो वेगळेच होते. सगळे मदुरैकडे जाणारी ट्रॅव्हल्सची गाडी यायच्या जरा आधी काढलेले.

मी फोटोंच्या यादीत वर गेले, खाली गेले. पालखीचे फोटो होते, कुस्त्यांचे होते, पाहुण्यांच्या पंगतीचे होते. त्यांत आप्पा नव्हते. घरात, अंगणात, चहा पिताना, झोपलेले, असे आप्पा कुठल्याच वर्षी नव्हते. आणि फाट्यावरच्या एकाही फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. गाडी ज्या बाजूने येते, तिकडे मान.

मला ते बघवेना आणि बंदही करवेना. शेवटी आईला फोन लावला. विचारलं, आप्पांचे मधल्या दिवसांतले फोटो कुणाकडे आहेत? ती भांडी घासत असावी, आवाज येत होता. आधी म्हणाली, जत्रेत कुणाला वेळ असतो, पाहुण्यांचं बघायचं की फोटो काढत बसायचं. मग भांड्यांचा आवाज थांबला.

"अगं, तवा ते घरातच असत्यात की. घरातल्या माणसाचा फोटू कोण काढतंय?"

पुढे ती म्हणाली की गाडीची वेळ झाली की सगळ्यांना एकदम आठवतं, फोटो राहिला.

पाठवायला मी सगळे फोटो निवडून ठेवले होते. ते बघून आप्पांना काय वाटलं असतं? की आम्हाला त्यांचं जाणंच तेवढं लक्षात राहतं? मी निवड काढून टाकली. खोलीतल्या मैत्रिणीने काय झालं म्हणून विचारलं, तर नेट चालत नाही असं सांगितलं आणि गच्चीवर गेले. दोन्ही टोकांपर्यंत चालले. काय बोलायचं ते मनात जुळवलं, पुन्हा मोडलं. मग तसाच फोन लावला.

मागे भट्टीच्या पंख्याची घरघर होती. आप्पांनी आधी परीक्षा कधी ते विचारलं, मग जेवलीस का विचारलं. आमचं बोलणं इथेच संपतं. या वेळी मी फोन ठेवला नाही.

"आप्पा, जत्रेला या."

"आईनं सांगाय लावलंय व्हय?"

"न्हाई. मीच म्हणते. तुमी घरी पायजे मला."

घरघर चालूच होती. कुणीतरी त्यांना तिकडच्या भाषेत हाक मारली, त्यांनी त्याच भाषेत काहीतरी उत्तर दिलं. मला वाटलं, आता ठेवतील.

"मालकाला इचारतो," ते म्हणाले. "आजच इचारतो."

एरवी ते 'बघू' म्हणतात. बघू म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. विचारतो म्हणजे काय, ते माहीत नाही. मालक काय म्हणेल, तेही नाही. फोन हातात धरून मी गच्चीवर तशीच फिरत राहिले. खालून मैत्रीण जेवायला हाका मारत होती, आणि मी येते, येते म्हणत होते.