सविताचं शेवटचं मत

अशा गोष्टींवर हसणाऱ्यांतली मी. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर आई त्यालाच दूध घालते... असं माझं घर. त्यात शिक्षण फिजिओथेरपीचं, म्हणजे आधी पुरावा दाखवा, मग बोला. तरीही हे लिहितेय, कारण कुणाला विचारावं तेच मला कळत नाही.

मी पुण्याची. बेंगळुरूत मास्टर्स करते, एचएसआर लेआउटमध्ये पीजीत राहते. रूममेट सविता, निपाणीची. आमचा प्रोजेक्ट एकत्र होता - गार्मेंट कारखान्यांतल्या बायकांच्या पाठदुखीवर झालेलं संशोधन शोधायचं आणि त्यातलं भरवशाचं कोणतं ते ठरवायचं. यात एक नियम असतो. प्रत्येक पेपर दोघींनी स्वतंत्र वाचायचा आणि वेबसाइटवर 'हवा' किंवा 'नको' असं मत द्यायचं. दोघींची मतं पडल्याशिवाय एकीचं दुसरीला दिसत नाही. पटलं नाही तर बसून भांडायचं आणि एकमत करायचं. सविता भांडायला पटाईत. पेपर आवडला की खाली शेरा मारायची - 'सरी', म्हणजे कन्नडमधलं 'ठीक आहे'.

एका सकाळी सर्जापूर रोडवर तिची स्कूटर घसरली. डोक्याला मार लागला. आयसीयू, व्हेंटिलेटर. तिची आई निपाणीहून धावत आली. डॉक्टर काही खात्रीचं बोलेनात.

दोन-तीन दिवसांनी मी लायब्ररीत साइट उघडली, ती निव्वळ मन रमवायला. अपघाताआधी माझ्या मागे असलेलं सविताचं काम आता पुढे गेलं होतं. मी एक पेपर वाचून 'हवा' केला आणि तिचं मत उघडलं. हवा. खाली 'सरी'.

मी तारीख पाहिली. कालची.

मग शहाण्या माणसासारखी चौकशी केली. तिचा फोन अपघातात फुटलेला, लॅपटॉप आमच्या कपाटात बंद, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, घरचं कुणीतरी करत असेल. घरचं कोण... तिच्या आईला, काकूंना, साधा व्हॉट्सअॅप जमत नाही. साइटवाल्यांनी कळवलं की मतं तिच्याच अकाउंटवरून येताहेत, याहून जास्त सांगता येत नाही.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही, आनंद झाला. मतं येताहेत तोवर सविता आहे, असं मी मनाशी धरून बसले. पण पेपर संपत आले. मग मी शोधच सैल केला. आधी 'गार्मेंट' हा शब्द काढला, मग 'बायका' काढला. शिक्षक आले, ड्रायव्हर आले, सैनिक आले. मॅडम वैतागल्या. "शोध असा करतात? उद्या घोड्यांची पाठदुखी आणशील." ती आधीच आली होती. सविताने तीही वाचली होती. 'नको.'

त्या संध्याकाळी भेटायला गेले. काकू तिचा हात धरून बसल्या होत्या. त्यांना यातलं अक्षरही मी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, "दिसभर बोट हलत असतंय गं हिचं. डॉक्टर म्हणत्यात तसं होतंय. पण हात लई दमल्यागत लागतोय. जरा निजू दे म्हणावं... पर कुणाला म्हणावं, कळंना."

रूमवर येऊन नंतर घातलेले सगळे पेपर काढून टाकले. राहिला आमच्या मूळ कामातला एकच. इथल्या चिकपेट बाजारातल्या कापडदुकानांसाठी घरी ब्लाऊज शिवणाऱ्या बायकांवरचा. मी 'नको' म्हटलं, कारण कारखाना नव्हता. सविताचं मत उघडलं. 'हवा'. या वेळी खाली 'सरी' नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सविता गेली.

मी थांबले म्हणून गेली, की मी दमवलं म्हणून? रोज हेच डोक्यात असतं. काकूंना विचारायची हिंमत नाही. कुणी म्हणतं योगायोग, कुणी म्हणतं साइटचा घोळ. मलाही तसंच वाटलं असतं तर बरं झालं असतं.

तो पेपर नंतर मी पूर्ण वाचला. त्यातल्या बहुतेक बायका आधी वर्षानुवर्षं कारखान्यातच होत्या. सविताचंच बरोबर होतं. मॅडम म्हणतात, मत बदल आणि प्रोजेक्ट जमा कर. पण मी बदललं की आमचं एकमत होणार, आणि तिचं-माझं भांडण संपणार.

म्हणून अजून 'नको'च ठेवलंय.