अमरावती स्टेशनपर्यंतचा अबोला

मी एके काळी बास्केटबॉल खेळत असे, हे आमच्या घरात कुणाला खरं वाटत नाही. माझं पोट बघता त्यांचा दोष नाही. तरी दिवाळीत सगळे जमले की एखादा भाचा विचारतोच, "मामा, सामना संपत आला की तुमचा चेंडू हमखास बास्केटमध्ये पडायचा म्हणे. तेव्हा मनात काय चालायचं?"

मी गंभीर चेहरा करून म्हणतो, "एकाग्रता."

"सुईत दोरा ओवता येत नाही यांना," बायको आतून म्हणते.

तिचं खरं आहे, माझं खोटं. एकाग्रता वगैरे काही नव्हती. माझ्याशी कुणी बोलत नसे, एवढंच.

त्याचं असं झालं. मी अमरावतीला कॉलेजात होतो. आमच्या संघाचा कप्तान माझ्याच खोलीत राहायचा. बाळापूरहून आईनं पाठवलेला शेवेचा डबा त्यानं एका बैठकीत संपवला. मी त्याला नाही नाही ते बोललो. दुसऱ्या दिवशी बाहेरगावी सामना होता, आणि सगळा संघ कप्तानाच्या बाजूचा, कारण शेव सगळ्यांनीच खाल्ली होती. दिवसभर कुणी माझ्याशी बोललं नाही. त्याच सामन्यात मी शेवटच्या घटकेला बास्केट केली आणि आम्ही जिंकलो. परत येऊन अमरावतीच्या फलाटावर उतरलो तेव्हा कप्तान माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "चाल बे, झालं आता."

खेळणारी माणसं भारी भाविक. त्या दिवसापासून नेमच झाला: बाहेरगावच्या सामन्याला वसतिगृहातून निघाल्यापासून परत अमरावतीच्या फलाटाला पाय लागेपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. बडनेऱ्याला गाडी बदलताना माझ्या शेजारी चिवड्याची पुडी ठेवत, देवापुढे नैवेद्य ठेवावा तशी, आणि लांब जाऊन हसतखिदळत चहा पीत. सुरुवातीला मला हे मोठं मानाचं वाटायचं. मीही चेहरा जरा देवासारखा करून बसायचो. पुढे पुढे तो चिवडा मी फलाटावरच्या कुत्र्याला घालू लागलो.

कप्तानाचा शेवटचा सामना अकोल्याला होता. त्याला वकील व्हायचं होतं, आणि तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांतात आणि कायद्याचं कॉलेज तिथल्या राजधानीत, म्हणून तो नागपूरला चालला होता. वळकटी सोबतच आणली होती. सामना आटोपला की आम्ही बडनेऱ्याला उतरणार आणि तो त्याच गाडीनं पुढे जाणार. म्हणजे बोलायला उरला अकोला ते बडनेरा एवढाच रस्ता. आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं होतं, "या खेपेला अबोला नको." तो म्हणाला होता, "हरलो तर बोलूच ना."

सामना संपत आला आणि आम्ही एका गुणानं मागे होतो. अकोल्याच्या एकाचा मला धक्का लागला, पंचानं शिट्टी वाजवली, दोन फेकी मिळाल्या. मी रेषेवर उभा राहिलो. आमचे चौघे माझ्याकडे पाठ करून उभे. बोलण्याचं पाप टाळलं, तसं नजरेचंही नको म्हणून.

शेजारी उभा असलेला अकोल्याचा गडी हळूच म्हणाला, "काहून बे, तुह्या लोकायनं तुले वाळीत टाकलं का? मघापासून पाहून राहिलो, कोणी बोलतच नाही तुह्यासंग."

"हो," मी म्हटलं. सकाळपासूनचा माझा तो पहिला शब्द.

"अरेरे," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

पहिला चेंडू पडला. बरोबरी झाली. दुसरा हातात घेतला तेव्हा मनात एकच होतं: हा चुकव, मग हरायला वाव राहील. हरलो तर बडनेऱ्यापर्यंत तो माझ्याशेजारी बसेल. शेवेच्या डब्यावरून भांडेल, नागपूरचा पत्ता सांगेल. खरंच चुकवायचा म्हणून मी तो जरा डावीकडे सोडला. पण माझ्या हाताला माझं ऐकायची सवय कधीच नव्हती. चेंडू कडीवर दोनदा आपटला आणि आत पडला. आम्ही जिंकलो.

बडनेऱ्यापर्यंत डब्यात नुसता गोंधळ. त्या फेकींचं वर्णन प्रत्येकानं प्रत्येकाला केलं, मला सोडून. मी खिडकीशी बसून कपाशीची शेतं बघत होतो. एकदा तोंड उघडलं, तर कप्तानानं ओठावर बोट ठेवलं आणि प्रेमानं मान हलवली.

बडनेऱ्याला आम्ही उतरलो. तो दारात उभा होता. गाडी हलली तसा त्यानं हात वर केला. अमरावती अजून यायची होती, म्हणून बोलला नाही. नेमाचा पक्का माणूस.

अमरावतीच्या फलाटावर बाकीच्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि सगळे एकदम बोलू लागले. मी म्हटलं, "थकलो रे." खोलीवर आलो तर त्याच्या खाटेवर शेवेचा डबा होता. निघण्याआधी भरून ठेवलेला.

भाच्यांना हे सांगत नाही. त्यांना एकाग्रता आवडते.