खार उतरेपर्यंत

मृणाल बाय, जरा निवांत बस, आणि हे वाचताना तरी दर ओळीला मेल उघडून बघू नकोस. परवा फुलपाड्याहून आमच्याकडे कामणला आलीस, चहावर साय धरली, तरी तुझी मान फोनमधून वर झाली नाही. नोकरी गेली, जागोजागी अर्ज केलेत, उत्तर कुठूनच नाही... कळतं गं. माझ्या भावाची नात तू. ही तळमळ आपल्या घरात मी आधीही पाहिली आहे. माझ्या बाबांची, म्हणजे तुझ्या पणजोबांची.

मी सात-आठ वर्षांची असेन. भादव्यातल्या मोठ्या भरतीला खाडीचा बांध फुटला, आणि सकाळी पाहतो तो पोटरीत आलेल्या भातातून चिंबोऱ्या फिरत होत्या. पाणी ओहोटीबरोबर परत गेलं, पण आपलं मीठ मागे ठेवून. उन्हाळ्यात सारं शेत पांढरंफेक पडलं. चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज यायचा, आणि वाऱ्यावर वास — सुकलेल्या शेवाळाचा, मिठाचा, कुजलेल्या भाताच्या मुळांचा. पुढच्या पावसात शेत गोडं झालं नाही, तर ते विकून भिवंडीला यंत्रमागावर जायचं, असं बाबांनी मनाशी ठरवलं होतं. आईनं वरवंटा कोणाकडे ठेवायचा, तेही ठरवलं होतं. गाव सुटणार का, एवढा एकच प्रश्न चुलीच्या धुरासारखा घरभर कोंडलेला...

खार उतरला की नाही, हे ओळखायची आमच्याकडे रीत होती — मातीचा कण जिभेच्या टोकावर ठेवायचा, चव घ्यायची, थुंकून टाकायचा. पावसाळ्यात एखाद-दोनदा, बस. बाबा मात्र रोज सकाळी, तोंड धुवायच्या आधी, शेताच्या चारी कोपऱ्यांतली माती चाखून यायचे. ओठ फुटले, जीभ खरबरीत झाली; आत्यानं केलेलं कोलंबीचं कालवण त्यांना अळणी लागू लागलं. ही थोरली आत्या म्हणजे त्यांची मोठी बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, जिभेनं मिरची.

"नारू, चाटून खार उतरनार हाय का? बैल तरी बरा, मीठ चाटून गप बसतो!"

"मग काय करू, अक्का? बसून राहू?"

"बस की. बसायला काय पैसं लागतात?"

पण बसतील ते बाबा कसले! पाऊस चांगला लागला, आणि एके सकाळी ते धावतच आले, "गोडी झाली माती!" त्याच दिवशी लावणी उरकली. आठवडा गेला नाही तोच रोपांचे शेंडे पिवळे पडले, मग पांढरे. आत्यानं मला शेतात नेलं नि ती म्हणाली, "पोरीची जीभ कोरी हाय. तिला चाखू दे." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोलले असते तर गाव राहिलं असतं, असं त्या वयात वाटलं... पण तोंड आपोआप वेडंवाकडं झालं. "खारट," मी म्हटलं.

रोज चाखून चाखून बाबांच्या जिभेला खार कळेनासाच झाला होता.

त्या दिवशी ते बांधावर जाऊन बसले. माती उचलली नाही, कुदळ धरली नाही. भरती चढली, थबकली, उतरू लागली, तरी बसलेलेच. मी शेजारी, आत्या जरा लांब, पाठमोरी. मग ते हळूच म्हणाले, "अक्का, खालच्या तुकड्यात खाडी येतेच आहे, तर येऊ द्यावी. मासळी कोंडली तर?"

"आता कसा मानसासारखा बोललास!"

भिवंडीला जाणं राहिलं. खालच्या तुकड्यात तळं झालं, जिताडा मासा आला, कोलंबी आली. वरचं शेत सावकाश, त्याला हवं तेव्हा गोडं झालं. सुख नांदलं म्हणणार नाही — भरती म्हटली की बाबा आयुष्यभर रात्री उठून बसायचे.

आता वरच्या शेतावर गोदाम आहे; दिवसभर ट्रक मागे-पुढे होतात, घराची भांडी थरथरतात. तळं उरलंय, अर्धं बुजलेलं. तेही देऊन टाकू, म्हणून घरात बोलणी चालू आहेत, आणि मलाही झोप नाही. तेव्हा धीर धर, असं तुला कोणत्या तोंडानं सांगू? मी नुसती संध्याकाळी बांधावर जाऊन बसते, पाणी वळेपर्यंत.

उत्तर आलं की येते, असं म्हणू नकोस. जुन्या चपला घाल नि ओहोटीची वेळ बघून ये, म्हणजे बांधावरून चालता येईल. पुढच्या वर्षी तळं असेल की नाही, ठाऊक नाही... याच आठवड्यात ये.