सहा वाक्यांचं एक वाक्य

वीस वर्षांच्या नोकरीत घराजवळचं पोस्टिंग मला एकदाच मिळालं. मी पेडणे तालुक्यातल्या कोरगावचा. फौजेच्या मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट, रँक नायक. जम्मूहून बदली झाली ती पणजीजवळच्या एका छोट्या युनिटच्या एमआय रूमवर. एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. सहा खाटा, औषधांचा एक फ्रिज, एक अॅम्ब्युलन्स, आम्ही तिघे नर्सिंग असिस्टंट आणि एक डॉक्टर. डॉक्टर होते कॅप्टन ढिल्लों. पंजाबचे, वयानं माझ्याहून लहान, कामाला चोख.

साडेसातला सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची रांग. नऊपर्यंत ड्रेसिंग आणि इंजेक्शनं. नंतर जवानांच्या घरचे लोक, पेन्शनर, रजेवर आलेले जवान. कॅप्टन साहेबांना इथली भाषा येत नव्हती. गावाकडचा पेशंट आला की मधे मी उभा राहायचो.

गोवा तेव्हा राज्य झालं नव्हतं आणि भाषेचा वाद पेटलेला होता. पेडण्याच्या भिंतींवर मराठीच्या घोषणा, पणजीच्या भिंतींवर कोकणीच्या. घरी आम्ही जे बोलतो त्याला काय म्हणायचं, यावरून माझ्या दोन काकांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं होतं. मी कोकणी बोललो की एकजण जाब विचारायचा, मराठी बोललो की दुसरा. मी सोपा उपाय काढला. युनिफॉर्म अंगावर असेपर्यंत फक्त हिंदी. वादात पडायला नको, हे कारण मी सगळ्यांना सांगायचो. ते अर्धंच खरं होतं. गावच्या लोकांशी हिंदीत बोललं की ते जरा दबून उभे राहायचे, आणि मला ते आवडायला लागलं होतं.

ऑगस्टमधला बुधवार. सकाळी पावणेनऊला गेटवर एक पिकअप आली. मागे लान्स नायक सदानंद गावकर, इन्फन्ट्रीचा, रजेवर आलेला. गाव मये, तालुका डिचोली. सोबत त्याची आई आणि गाडी चालवणारा शेजारी. सदानंदला दोघांनी धरून आत आणलं. पाय अडखळत होते, डोळे अर्धे मिटलेले, तोंडाला फेणीचा वास. एकदा ओकला होता, शर्टावर डाग होते.

मी आईला हिंदीत विचारलं, "क्या हुआ?"

तिला हिंदी येत नव्हती. तिला प्रश्न कळला तो माझ्या चेहऱ्यावरून. ती घाईनं सांगू लागली.

"रातीं जेवन बरो न्हिदलो. उकडता म्हूण भुंयेर न्हिदलो. सकाळचें पोटांत दुखपाक लागलें. हांवेंच कुलेरभर फेणी दिली, पोटाक बरी म्हूण. आतां दोळे उगडिनात. च्या घोटना."

सहा वाक्यं. कुलेर म्हणजे चमचा. रात्री जेवून चांगला झोपला, जमिनीवर झोपला, पहाटे पोट दुखायला लागलं, मीच चमचाभर फेणी दिली, आता डोळे उघडत नाहीत, चहा गिळता येत नाही. प्रत्येक शब्द मला कळला. ती माझ्या आईसारखीच बोलत होती.

कॅप्टन साहेबांनी विचारलं, "क्या बोल रही है?"

मी म्हणालो, "सर, पेट में दर्द है, उल्टी हुई है. दारू पी है."

एक वाक्य. बाकीचं मला महत्त्वाचं वाटलं नाही. रजेवरचा जवान, तोंडाला वास, डोळे जड. असे मी पन्नास पाहिले होते. मी मनात निदान करून मोकळा झालो होतो आणि तिचं बोलणं त्यात बसेल तेवढंच उचललं.

साहेबांनी पोट तपासलं, नाडी पाहिली. "हँगओव्हर," ते म्हणाले. पोटाचं इंजेक्शन, सलाईन, निरीक्षण. मी त्याला तीन नंबरच्या खाटेवर उताणं झोपवलं.

साडेनऊला त्याची आई दारात आली. म्हणाली, "पुता, तो उलय ना." बोलत नाहीये. मी तिला म्हटलं, "सोने दो." ती तिथंच उभी राहिली. पुन्हा म्हणाली, "दोळे पळय मरे ताचे." डोळे बघ रे त्याचे. मी तिला बाकावर बसायला सांगितलं. खूण केली हातानं.

सव्वादहाला कॅप्टन साहेब वॉर्डातून जाताना थांबले. सदानंदच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. त्यांनी त्याची पापणी बोटानं उचलली. सोडली. ती पडली. त्यांनी त्याला जीभ बाहेर काढायला सांगितलं. जीभ हलली नाही, पण त्यानं बुबुळं साहेबांकडे वळवली. तो शुद्धीवर होता. सगळं ऐकत होता.

"ये शराब नहीं है," साहेब म्हणाले. "माताजी ने क्या बोला था? पूरा बता. एक एक शब्द."

मी सहाच्या सहा वाक्यं हिंदीत सांगितली. जमिनीवर झोपला होता, इथपर्यंत येताच साहेबांनी त्याचे पाय उघडे केले. डाव्या पायाच्या घोट्याच्या मागे दोन बारीक ठिपके होते. सूज नाही, रक्त नाही. मण्यार चावली की असंच होतं. झोपेतल्या माणसाला कळतही नाही.

मी आईकडे वळलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या भाषेत बोललो. "भुंयेर न्हिदिल्लो न्हय गो तो?"

ती म्हणाली, "सांगलें न्हय तुका?"

सर्पविषावरची लस फ्रिजमध्ये होती. तीन नंबरच्या खाटेपासून दहा पावलांवर. दहा पंचविसला ती सलाईनमधून सुरू केली. दहा चाळीसला श्वास उथळ झाला. तेवढ्यात तो पुन्हा ओकला. गिळण्याची ताकद नव्हती, उताणा होता, सगळं श्वासनळीत गेलं. सक्शन लावलं. अॅम्ब्युलन्समध्ये घातलं. मोठ्या सरकारी इस्पितळापर्यंत वीस मिनिटं मी त्याच्या तोंडावर मास्क दाबून श्वास द्यायची अॅम्बू बॅग पिळत होतो. छाती नीट वर येत नव्हती. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिथल्या डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं.

त्याची आई मागून पिकअपनं आली. काय झालं ते तिला सांगायचं काम माझंच होतं. मी तेवढंही केलं नाही. तिथल्या नर्सला पुढे केलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मला लेखी जबाब द्यायचा होता. वायरलेसवर मेसेज घेतला की तो शब्दशः परत वाचून दाखवायचा, हे फौजेत पहिल्या वर्षी शिकवतात. मी ते माणसाच्या बाबतीत केलं नव्हतं. हे लिहिलं असतं तर दंडावरची पट्टी उतरली असती. मी लिहिलं, "भाषा की दिक्कत के कारण पेशंट की पूरी हिस्टरी नहीं मिल सकी."

कॅप्टन साहेबांनी ते वाचलं. "तू तो यहीं का है ना?"

"सर, मैं पेडणे का हूँ. डिचोली की बोली अलग पड़ती है."

साहेबांनी जबाब परत दिला. त्यांना काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही. त्यांना लेखी ताकीद मिळाली. पेशंटला तपासणारे डॉक्टर तेच होते, त्यामुळे दोष त्यांच्याकडे गेला. मला काही झालं नाही. पुढच्या वर्षी मी हवालदार झालो. पार्टी दिली.

त्यानंतर अकरा वर्षं मी नोकरी केली आणि पेन्शनवर कोरगावला आलो. साखळी गावाच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात नव्या नर्सबाईंचं प्रशिक्षण होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. विषय दिला होता, रुग्णाशी आणि नातेवाइकांशी कसं बोलावं. मी चार मुद्दे कागदावर काढून नेले. पहिलाच मुद्दा होता, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या. मी तो वाचला आणि कागदाची घडी केली. तब्येतीचं कारण सांगून खाली बसलो. तिथून मये जवळ होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

घर सापडायला त्रास झाला नाही. सदानंदची आई अंगणात सुपाऱ्या सोलत होती. मी नाव सांगायच्या आधीच तिनं मला ओळखलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिची वाक्यं, माझं वाक्य, जबाबात लिहिलेलं खोटं. काही लपवलं नाही.

ती म्हणाली, "म्हाका खबर आशिल्लें. तूं हिंदी उलयतालो, पूण हांव सांगतना मान हालयतालो."

तिला माहीत होतं. मी हिंदी बोलत होतो, पण ती सांगत असताना मान हलवत होतो. तिच्या लक्षात त्याच दिवशी आलं होतं की मला सगळं समजतंय.

"मग इतलीं वर्सां कित्याक येवंक ना?" तिनं विचारलं.

इतकी वर्षं का आला नाहीस. तिनं माफ केलं असं म्हटलं नाही आणि मीही मागितली नाही. तिनं मला बसायला पाट दिला. मग ती बोलू लागली. दीड तास बोलली. मी मधे एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे वर्षातून एक-दोनदा जात राहिलो. नर्सबाईंच्या वर्गातही परत गेलो आणि हीच हकिगत सांगितली. मुद्द्यांचा कागद नेला नाही.

ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. तिच्या घरात मागे कुणी नाही. सदानंद लढाईत पडला नाही, त्यामुळे त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. तिनं सांगितलं ते मी इथं लिहितो, तिनं सांगितलं तसं.

लान्स नायक सदानंद गावकर. वय सव्वीस. मयेच्या तळ्यात पोहायला शिकला आणि वाड्यावरच्या पोरांना त्यानंच शिकवलं. शिट्टी वाजवता यायची नाही. आईला काश्मीरहून लोकरीची शाल आणली होती, ती तिनं मयेत एकदाही वापरली नाही आणि कुणाला दिलीही नाही. त्या रजेत तो तिच्यासाठी दार असलेली न्हाणी बांधत होता, भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या, पुढचं काम शेजाऱ्यांनी केलं. दारू पीत नव्हता.

डिचोलीचं इस्पितळ त्यांच्या घरापासून जवळ होतं. पिकअपवाला तिकडेच निघाला होता. सदानंदनंच त्याला थांबवलं. जीभ जड झाली होती, तरी आईला कळेल असं बोलला. म्हणाला, फौजेच्या डॉक्टरकडे ने, थंय आपले मनीस आसतले. तिथं आपली माणसं असतील.